मिर्झाची गार झोप

आमच्यात सुनेने दिराचं नाव घ्यायचं नसतं. सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही आणि धाकट्याचंही नाही. हाक तर मारावी लागते, म्हणून सुनेने आपणच काहीतरी नाव ठेवायचं. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी माझा धाकटा दीर चुलीशी पाय पसरून बसला होता आणि त्याची आई ओढ्यावर बर्फ फोडून पाणी आणत होती. मी तिथल्या तिथे त्याचं नाव मिर्झा ठेवलं. मिर्झा म्हणजे सरदाराघरचं पोर. सासूबाई डोक्याच्या रुमालात तोंड लपवून हसल्या. तो मात्र फार खूश झाला. टोमणा लागायला माणसाला आधी थोडी लाज असावी लागते.

त्याला आता किती वर्षं झाली. माझे केस पिकले, सासूबाई गेल्या, माझे मालकही गेले. मिर्झा मिर्झाच राहिला.

मिर्झाने आयुष्यात धंदे पुष्कळ केले, काम एकही केलं नाही. आधी शाळेत पोरांना कवायत शिकवली, स्वतः खुर्चीत बसून. मग राजधानीत, बिश्केकला जाऊन बाजारात चिनी मोजे विकले. तिथे असताना त्याला गावाची आठवण कधी आली नाही, पण गावाच्या आठवणीने गहिवरणारी शहरातली माणसं त्याला पुष्कळ भेटली. आपले पूर्वज लोकरी तंबूत राहायचे, बर्फावर झोपायचे, आणि आपण बघा, सिमेंटच्या खोक्यात कुजतोय, असं ती म्हणायची आणि लोकरीचे दोन दोन जोड मोजे घेऊन जायची. मिर्झाच्या डोक्यात उजेड पडला तो तिथे.

तो गावी परतला ते डोक्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पांढरी उंच टोपी घालूनच. ती टोपी आम्ही उन्हाळ्यात घालतो. हिवाळ्याची टोपी वेगळी, केसाळ, कान झाकणारी. पण फोटोत पांढरीच बरी दिसते, म्हणून हिवाळाभर मिर्झाचे कान लालभडक असतात. कोणी विचारलं तर म्हणतो, "आपल्या रक्तातच थंडी आहे." रक्तात असेल, कानात मात्र नाही.

खरं सांगायचं तर कोचकोरच्या वर डोंगरात आमच्या गावात हिवाळ्यात तंबूत कोणी राहत नाही. तंबू उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात न्यायचा. बर्फ पडायच्या आत खाली आणून नमदे वाळवून घडी घालून ठेवायचे. मग जाड भिंतींच्या मातीच्या घरात चूल पेटवून वसंताची वाट बघत बसायचं. शहाणी जनावरंसुद्धा असंच करतात. चिल्देत, म्हणजे हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, बादलीतलं पाणी विहिरीपासून दारापर्यंत येईतो वर पापुद्रा धरतं. अशा दिवसांत मिर्झाने आईचा तंबू माझ्या गोठ्याच्या भिंतीला लागून उभा केला आणि बाहेर पाटी लावली: 'खऱ्या भटक्यांचा हिवाळा'.

माणसं येऊ लागली. बिश्केकच्या कचेऱ्यांतली पोरंपोरी आली, गोरे आले. पैसे देऊन थंडी खायची आणि सकाळी नाक पुसत जन्माचं सार्थक झालं म्हणायचं, असा हा धंदा. संध्याकाळी मिर्झा शेगडीशी मांडी घालून बसायचा आणि आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगायचा. बर्फात घोडा मेला तर त्याच्या पोटात शिरून रात्र काढायचे म्हणे. आजोबांना मी पाहिलंय. ते तलाठ्यासारखं काहीतरी करायचे आणि सर्दीच्या भीतीने मे महिन्यापर्यंत गळ्याचा रुमाल सोडत नसत.

पाहुण्यांचा डोळा लागला की मिर्झा हळूच उठून घरात जाऊन झोपायचा. मागे राहायची कुमुश, माझी धाकटी जाऊ. तंबूतली शेगडी म्हणजे खादाड सून, तिला दर थोड्या वेळाने खायला घालावं लागतं. गोवऱ्या टाकल्या नाहीत तर बघता बघता विझते, आणि विझली की नमद्याच्या आतल्या बाजूलाही हिम धरतं. म्हणून कुमुश रात्रभर उठायची, बाहेर जाऊन गोवऱ्यांची टोपली भरून आणायची, टाकायची, बसल्या बसल्या डुलकी घ्यायची, परत उठायची. तिचे हात भेगाळून सालपटासारखे झाले होते. मिर्झा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या बायकांना सवय असते." आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं.

आता मिर्झाला एकुलती एक मुलगी, सेझिम. बापाचं नाक आणि आईचे हात घेऊन जन्मलेली, आणि सुदैवाने डोकं कोणा तिसऱ्याचंच. नारीनला परिचारिकेचं शिकायला होती. तिथे तिला एल्दोस भेटला, आकसायच्या मेंढपाळाचा मुलगा. मुलगा सरळ. दोघांचं मन बसलं. शरद ऋतूत एल्दोसचे आईबाप, तोलोमुश व्याही आणि बुरमाकान विहीणबाई, रीतीप्रमाणे मागणीची खूण म्हणून पोरीच्या कानात डूल घालायला आले. सेझिमचा चेहरा त्या दिवशी जसा उजळला होता तसा मी पुन्हा पाहिला नाही. मला मूल नाही. ती पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढली, तेव्हा माझा जीव किती अडकला होता ते वेगळं सांगायला नको.

आकसाय म्हणजे थंडीचं माहेर. तिथून आलेल्या माणसापुढे थंडीच्या बढाया मारू नयेत, एवढं तरी कळायला हवं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"व्याहीबुवा," मिर्झा म्हणाला, "तुमच्याकडे आता सगळी घरं झाली म्हणे. आम्ही नाही बरं सोडलं. सबंध चिल्दे आम्ही तंबूत काढतो."

तोलोमुश कमी बोलणारा माणूस. त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली. "सबंध?"

"सबंध! मी तर नुसत्या नमद्यावर झोपतो. शेगडीपासून लांब. शेगडीची ऊब बायकांना."

"आणि पोरगी?"

"पोरगी तर लहानपणापासून! तिला घरात झोपच लागत नाही."

सेझिमने खाली मान घातली. ती बिचारी नारीनच्या वसतिगृहात नळ्या तापवून गरम केलेल्या खोलीत दोन रजया घेऊन झोपत होती.

तोलोमुशनी कुमुशकडे एकदा बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. मग पुढची बोलणी चिल्देत करू. आम्ही तुमच्या तंबूत राहायला येतो. होकार नकार तेव्हाच सांगेन."

ते गेल्यावर सेझिम माझ्याकडे येऊन रडली. "काकू, त्यांच्या मनात काहीतरी आलंय. एल्दोस म्हणतो, बाबांनी एकदा मनात घेतलं की मागे फिरत नाहीत. आमच्या बाबांना कोणीतरी आवरा हो."

मी मिर्झाला गाठलं. "मिर्झा, हात दाखवून अवलक्षण केलंत. आता पोरीचं लग्न तुमच्या झोपेवर टांगलंय."

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला. "मी सराव करतो."

आणि खरंच, हिवाळा लागला तसा मिर्झा तंबूत झोपू लागला. पाहुणे असोत नसोत, रात्रभर तिथेच. सकाळी ताजातवाना बाहेर येऊन उघड्या अंगाला बर्फ चोळायचा. गावाला नवल वाटलं. मलाही वाटलं. म्हटलं, मुलीसाठी माणूस बदलतो. त्याच सुमाराला माझ्या गोठ्यातला दिवा गेला. मिर्झा स्वतः बघून आला आणि म्हणाला, "वहिनी, तार जळलीय. बिलकुल हात लावू नका, झटका बसेल. मी माणूस आणतो." माणूस काही आला नाही. मी कपाळाला बॅटरी बांधून दूध काढत होते आणि गाय माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत होती.

चिल्दे लागलं आणि व्याही विहीण आले. तोलोमुशच्या अंगात लांडग्याच्या कातड्याचा मोठा थोरला कोट होता, काळपट, कॉलरीशी झिजलेला. अंगणात उतरताच त्यांनी एकदा तंबूकडे बघितलं आणि एकदा माझ्या घराच्या धुराड्याकडे. मला वाटलं, माणूस मोजमाप घेतोय.

मेंढा कापला. मांस शिजवलं माझ्या घरात, कारण तंबूच्या शेगडीवर त्याचं तोंडसुद्धा शिजलं नसतं. परातींतून ते तंबूत नेलं. व्याह्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, मेंढ्याचं डोकं त्यांच्यापुढे ठेवलं. मिर्झाला कंठ फुटला होता. घोड्याच्या पोटातली गोष्ट निघाली. तोलोमुश डोक्याचं मांस कापून सगळ्यांना वाटत होते, हुं हुं करत होते, पण त्यांची नजर मिर्झावर नव्हतीच. कुमुश गोवऱ्या आणायला बाहेर गेली की ती दाराकडे जायची, कुमुश आत आली की तिच्यामागे फिरायची. मला धास्ती वाटली. म्हटलं, हिचे फाटके हात बघून माणूस नाक मुरडतोय की काय.

मी परातींची नेआण करत होते, त्यामुळे मधलं एक मला दिसलंच नाही. ते नंतर कळलं. व्याह्यांनी एकमेकांना कपडे घालायची आमची रीत आहे. मिर्झाने तोलोमुशना नवा मखमली अंगरखा घातला. तोलोमुशनी थोडा वेळ विचार केला आणि अंगातला लांडग्याचा कोट काढून मिर्झाच्या अंगात चढवला. म्हणाले, "राहू दे तुम्हाला. रोज इथे झोपता, तुम्हाला जास्त गरज." मिर्झाला तो मान वाटला. त्याला सगळाच मान वाटतो.

विहीणबाई आणि सेझिम माझ्याकडे घरात झोपल्या. तंबूत मानाच्या जागी दोन गाद्या शेजारी शेजारी टाकल्या, एक व्याह्यांची, एक मिर्झाची. त्या मिर्झाने स्वतःच्या हाताने घातल्या. त्याने आयुष्यात पहिल्यांदा गादी घातली हे ऐकून मला तिथेच संशय यायला हवा होता. कुमुश दाराजवळ वेताच्या आडोशामागे, शेगडीशी.

आता आमच्या बायकांची एक रीत सांगायला हवी. व्याही मुक्कामाला आला की घरातल्या मोठ्या वहिनीने त्याची खोडी काढायचीच. झोपेत त्याचा कोट गादीला शिवून टाकायचा. सकाळी तो उठतो तो गादीसकट. सगळे हसतात, आणि सुटका हवी तर शिवणारीण मागेल तो दंड द्यावा लागतो, तोवर कोट अंगातून काढायचा नाही. रागवायची सोय नाही. जो व्याही शिवला गेला नाही तो आपला झालाच नाही, असं आमच्यात मानतात. मी विचार केला, आज हसणं झालं पाहिजे. हा माणूस एकदा हसला की होकार देईल. माझी सुई म्हणजे सेझिमचं लग्न, असं मी मनाशी धरलं.

पहाटे फटफटायला मी नमदे शिवायची दाभणासारखी सुई आणि जाड दोरा घेऊन तंबूत गेले. छताच्या गोल भोकातून राखाडी उजेड येत होता. कुमुश टोपलीला टेकून डुलत होती. मानाच्या जागी दोन ढिगारे, दोघेही डोक्यावरून पांघरूण घेऊन. एकावर मखमल, एकावर लांडगा. मी लांडग्याकडे गेले. गुडघ्यांवर बसून कोटाची खालची कड गादीला शिवायला घेतली. चांगले दणकट टाके घातले, आमच्या हातचा टाका घोड्याने ओढला तरी निघत नाही. मधेच मला गादी गरम लागली. नुसती अंगाच्या उबेची नव्हे, तव्यासारखी. माझ्या मनात आलं, अरे देवा, व्याह्यांना ताप भरलाय. पण माणूस छान घोरत होता, म्हणून मी शेवटची गाठ मारली. सुई तारेला लागली नाही हे माझं नशीब, नाहीतर ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्याच कोणी सांगितली असती.

ऊन आल्यावर आम्ही सगळ्या चहा घेऊन तंबूत गेलो. सेझिमच्या हातात मीठ घातलेल्या दुधाच्या चहाची किटली, माझ्याकडे कणकेच्या तळलेल्या बोरसोकचा ढीग, पुढे विहीणबाई. मखमलीतला ढिगारा हलला आणि उठून बसला. ते होते तोलोमुश. ओठ निळे पडले होते, दाढीवर श्वासाचं हिम. माझ्या हातातले चार बोरसोक खाली पडले.

विहीणबाई आत आल्या म्हणताच मिर्झाला उठून उभं राहणं भाग होतं. तो ताडकन उठला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "वाहवा! काय गार झोप लागली! याला म्हणतात..."

कशाला म्हणतात ते राहूनच गेलं. कोटाला गादी शिवलेली होती आणि गादीला गादीखालचं. तो उठला तशी गादी त्याच्या मागे उभी राहिली आणि तिच्या पोटाला चिकटून आली एक गुलाबी फुलाफुलांची चादर. चादरीला तार. तारेला एक डबी. डबीवर एक लाल दिवा, मिचमिच करत. तार नमद्याच्या खालून भिंतीपलीकडे गेली होती, आणि भिंतीपलीकडे माझा गोठा होता.

बाहेर माझी गाय हंबरली.

"विजेची आहे," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन हात लावून बघितला. "अगंबाई, चांगली गरम आहे की."

मिर्झाचं पितळ असं उघडं पडलं, पण पडल्या पडल्या ते चमकायला बघत होतं. "ही, ही मी तुमच्यासाठीच ठेवली होती, व्याहीबुवा. चुकून इकडच्या बाजूला घातली गेली."

किटली तशीच हातात धरून सेझिम उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत 'काकू, संपलं' एवढंच होतं. मला स्वतःचीच सुई स्वतःला टोचल्यासारखं झालं. मी कोणाला हसवायला निघाले होते आणि काय उघडं करून बसले.

तोलोमुशनी मात्र मांडी घातली, बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. डाव्या पायाला दोन बोटं नव्हती.

"बसा," ते म्हणाले. "उभ्याने ऐकायची गोष्ट नाही." मिर्झा बसला. गादी त्याच्या मागे तशीच उभी राहिली होती, ती हळूहळू कलली.

"मी लहान होतो तेव्हा आकसायला आम्हाला घर नव्हतं. हौस म्हणून नाही, नव्हतंच. तंबूत चिल्दे काढायचो. आई रात्रभर उठायची, गोवऱ्या घालायची. दिवसभर काम, रात्रभर चूल. एका पहाटे तिला झोप लागली. चूल विझली. माझी ही बोटं गेली. माझी धाकटी बहीण पाळण्यात होती." त्यांनी उरलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. "बापाने आईला मरेपर्यंत बोल लावला. 'तू झोपलीस,' म्हणायचा. तो स्वतः तिच्या शेजारीच झोपलेला होता."

विहीणबाईंनी हळूच त्यांच्या पायावर मोजा टाकला.

"तेव्हा तुम्ही मला सांगितलंत, आम्ही हौसेने तंबूत झोपतो, शेगडीची ऊब बायकांना. मी या ताईंचे हात बघितले. मला कळलं ऊब कोणाला ते. मी नकार द्यायला आलोय, व्याहीबुवा. पोरगी चांगली आहे, माहीत आहे मला. पण ज्या घरात थंडी हा खेळ आहे त्या घराशी मला नातं नको."

"पण मी झोपलो कुठे थंडीत!" मिर्झा कळवळून म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

तोलोमुशच्या दाढीतलं हिम हललं. ते हसत होते. "हो ना. ही तार बघितली आणि मला बरंच वाटलं. म्हटलं, खोटारडा आहे, पण वेडा नाही. थंडी वाजते एवढं याला कळतं. खोटारड्याशी नातं निभतं, आमच्याकडे ढीगभर आहेत." मग ते हसायचे थांबले. "पण एक सांगा. गरम चादर एकच होती ना?"

"एकच."

"मी तुमचा पाहुणा, मी शेजारी कुडकुडलो, ते सोडा. मला सवय आहे. ती बाई कुठे झोपली?"

सवय हा शब्द मिर्झाच्या ओठांवर आला होता, मला दिसला, पण व्याह्यांनी तो आधीच वापरून टाकला होता.

"अहो, मग पोरांचं काय ते सांगा ना," विहीणबाई म्हणाल्या. "तिच्या हातातला चहा गार झाला."

"आधी दंड," तोलोमुश म्हणाले. "रीत म्हणजे रीत. शिवलं कोणी?"

"मी," मी म्हणाले. "तुम्हाला शिवायचं होतं. कोट बघून चुकले."

"चुकला नाहीत, विहीणबाई. मागा काय मागायचं ते. तुम्ही काय मागता ते ऐकतो आणि मग माझं सांगतो."

म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्यावर. मिर्झाच्या जिवात जीव आला. दंडातून सुटणं त्याला जमतं. "मागा, वहिनी, मागा! कोकरू मागा! शाल मागा! बिश्केकहून चांगली शाल आणतो!"

खरं सांगते, पहिल्यांदा मला माझ्या गोठ्यातला दिवाच आठवला. जिभेवर आला होता. तेवढ्यात मी आडोशामागे बघितलं. एवढा गोंधळ झाला, मिर्झा ओरडला, गाय हंबरली, बोरसोक पडले, आणि कुमुश बसल्या जागी झोपलेली होती. मान एका बाजूला कललेली, एक हात गोवऱ्यांच्या टोपलीत तसाच. चुलीत गोवरी घालायच्या बेतात असताना झोप लागली असणार. शेगडीत निखारे काळे पडत चालले होते.

मला इतका राग आला की माझी रीतभात गळून पडली.

"दोरोनबेक," मी म्हणाले.

सेझिम दचकली. विहीणबाईंनी गालाला हात लावला. मिर्झाने चादर हसून पचवली असती, बोटांची गोष्टही पचवली असती, पण थोरल्या वहिनीच्या तोंडून, सगळ्यांपुढे, आपलं उघडं नाव ऐकून त्याचे लाल कानसुद्धा पांढरे पडले.

"दोरोनबेक, चिल्दे संपेपर्यंत इथल्या गोवऱ्या तू घालायच्या. गोरे येवोत, काळे येवोत, शेगडी तुझी. आणि ही फुलाफुलांची चादर घरात जाईल, कुमुशच्या अंगाखाली. हाच माझा दंड. आता ऊठ, चूल विझतेय."

त्याने तोलोमुशकडे बघितलं. तिथे मदत नव्हती. त्याने पोरीकडे बघितलं. सेझिमने वडिलांपुढे पहिल्यांदाच नजर खाली घातली नाही.

तोलोमुशनी दोन्ही तळहात पुढे केले. ते पोरांचं नाव घेऊन आशीर्वाद म्हणू लागले, सेझिम आणि एल्दोस, त्यांची चूल कधी विझू नये आणि ती दोघांच्या हातांनी पेटती राहावी. आम्ही सगळ्यांनी आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले. सेझिमने किटली खाली ठेवली आणि तिथेच रडायला लागली.

मिर्झा उठला. लाल दिव्याची डबी त्याने स्वतःच बंद केली आणि भिंतीतली तार ओढून सोडवली. कुमुशच्या हाताखालून हळूच टोपली काढून घेतली आणि दाराकडे निघाला. टाके उसवायला मी कात्री आणली नव्हती. गादी, चादर, तार, सगळं मागे ओढत, डोक्यावर पांढरी टोपी घालून तो बर्फातून गोवऱ्यांच्या ढिगाकडे गेला. ओसरीवरून शेजारी बघत होते. एकाने विचारलं, हे काय नवीन? त्याने टोपली भरायला घेतली.

आम्ही आवाज न करता चहा घेतला. कुमुशला कोणी उठवलं नाही.